सरकता डवरा

गायकवाड, ऑफिसातल्या शोकसभेत तुम्हाला सगळ्यांनी शांत म्हटलं. मितभाषी म्हटलं. साहेब तर म्हणाले, या माणसाचा कुणाशी कधी वाद म्हणून झाला नाही. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला हसू आवरेना. तोंडावर पदर धरला तर शेजारच्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. इतकी वर्षं समोरच्या खुर्चीवर बसून माझ्याशी रोज भांडणारा माणूस कोण होता मग? दोन शब्द बोला म्हणून मलाही उठवत होते. मी नको म्हटलं. आपलं दोन शब्दांत कधी काही भागलं होतं का?

म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही, आणि माझा हात अजून चहाचे दोन कप मागवतो. परवा तुमच्या गावी जाऊन आले. तिथे एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आपला एक वाद अर्धवट राहिला होता, तो मिटला. कसा ते शेवटी सांगते. तुम्हाला निकाल आधी ऐकायची घाई असायची, आज जरा दम धरा.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आलात तेव्हा मी तुम्हाला फार मोजलं नव्हतं, हेही खरं. चपलांना ताम्हिणीच्या वाटेवरची लाल माती, खांद्याला शबनम. मी सदाशिव पेठेत वाढलेली, गणितात एम. एस्सी. झालेली. पाणी नळातून येतं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. तुम्ही दगडमातीचे जाणकार. आल्या आल्या म्हणालात, “बाई, दोन मजल्यांचा घोळ निस्तरायचाय. तुमचं ते आकडेमोडीचं यंत्र कामाला येईल का?”

घोळ काय ते कळायला मला आठवडा लागला. आपल्या ऑफिसात ओढ्या-नद्यांचं पाणी वरच्या मजल्यावर मोजत आणि विहिरींचं खालच्या. तुमच्या गावच्या ओढ्याबद्दल वरच्यांनी लिहिलं होतं, पाणी शिल्लक आहे. त्याच खोऱ्यातल्या विहिरींबद्दल खालच्यांनी लिहिलं होतं, पाणी शिल्लक आहे. तुम्ही दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून म्हणालात, “दिवाळीनंतर आमच्या ओढ्यात जे वाहतं ते पावसाचं नसतं, जमिनीतून पाझरून आलेलं असतं. म्हणजे हे दोघं एकच पाणी मोजतायत. आणि दोनदा वाटून टाकतायत.”

मला ते पटलं, पण पटून काय उपयोग, दाखवायचं होतं. मग आपण ते खोरं कागदावर चौकोनांत कापलं. एकेका चौकोनात जमिनीखालच्या पाण्याची पातळी किती, शेजारच्या चौकोनाकडे ते किती सरकतं, आणि ज्या चौकोनातून ओढा जातो तिथे ओढ्याने जमिनीला किती दिलं नि जमिनीने ओढ्याला किती परत केलं, अशी सगळी देवघेव गणितात मांडली. तेव्हा संगणकाला माहिती द्यायची रीत होती तशी कार्डांवर भोकं पाडून घेतली, ती कार्डं बुटाच्या खोक्यात घालून शनिवारी दुपारी त्या दुसऱ्या संस्थेच्या मोठ्या संगणकावर घेऊन गेलो. तिथे आपल्याला उसनवारीवर वेळ मिळे. पहिल्या खेपेला माझं एक चिन्ह उलटं पडलं, वजाच्या जागी अधिक. ओढा नुसता देतच सुटला आणि उन्हाळ्यात सगळ्या विहिरी काठोकाठ भरून वाहायला लागल्या. छापून आलेले आकडे तुम्ही गंभीरपणे वाचलेत आणि म्हणालात, “ताम्हिणीच्या घाटातला पाऊससुद्धा इतका उदार नाही, बाई.” ते फुकट गेलेले लांबच लांब कागद तुम्ही घरी नेलेत. वहिनी सांगत होत्या, लेकीच्या पुस्तकांना वर्षानुवर्षं त्याचीच कव्हरं होती.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते तुम्ही मला बरेच दिवस सांगितलं नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला रामभाऊंची आणि त्यांच्या भाऊबंदांची जमीन. त्यांना ओढ्याच्या काठाला मोठी विहीर खोदून तिच्यावर पाणी उपसायचं इंजिन बसवायचं होतं, आणि दोन्ही मजल्यांच्या कागदांवर पाणी शिल्लक असल्यामुळे परवानगी मिळणारच होती. खालच्या अंगाला तुमची वस्ती. गावची विहीर तुमच्या आईला आयुष्यभर लांबूनच माहीत होती. पुढे कागदोपत्री ती सर्वांना खुली झाली, पण पाय तिकडे वळले नाहीत. वस्ती उन्हाळाभर प्यायची ती डवऱ्याचं पाणी. ओढ्याच्या वाळूत खड्डा खणायचा, त्यात झिरपून पाणी येतं, ते लोट्याने घागरीत भरायचं. तुम्ही त्या पाण्यावर वाढलात. हे मला कळलं तेही तुमच्याकडून नाही, तुमच्या बहिणीकडून, सुशीलाताईंकडून.

आणि नेमका तो डवराच आपल्या गणितात बसेना. बाकी सगळ्या विहिरी बसल्या, चार बोटं इकडे तिकडे. डवऱ्याचं पाणी मात्र गणित सांगे की माघापासून उतरत जातं, आणि सुशीलाताई मोजून सांगत ते आकडे पाहावेत तर मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत सरळ रेघ. पाणी एक वीतसुद्धा खाली जात नव्हतं. साहेबांनी ती रेघ पाहिली आणि म्हणाले, डवरा आटतच नाही तर मग तुमची अडचण काय आहे? त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी म्हटलं, माझं गणित चुकलं असेल. तुम्ही म्हणालात, ताई चुकणार नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि दोघांचंही बरोबर होतं, हे त्या दिवशी कुणाला सुचणार?

मग चैत्रात आपण दोघं एसटीने गेलो. पौडच्या पुढे उतरून पायवाटेने वस्तीवर. तुमच्या बहिणीने मला आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं. त्या ओढ्यात पुढे, मागे तुम्ही, तुमच्या मागे साडी सावरत मी. जांभळीच्या झाडापाशी तुम्ही थांबलात, इकडे तिकडे बघायला लागलात.

“ताई, डवरा कुठं गेला?”

“ह्यो काय फुडं. चल की.”

जांभळ मागे पडलं, एक वळण मागे पडलं. वळणाच्या पुढे वाळूत ताजा उकरलेला खड्डा, त्यात स्वच्छ पाणी.

“आणि दिवाळीत जांभळीखाली होता तो?”

“त्योच ह्यो,” सुशीलाताई म्हणाल्या. “पानी खाली गेलं की आमी बी खाली येतो. दुसरा उकरायचा. न्हाईतर लोटा कसा पोचायचा?”

“मग मोजलंस कुठून?”

“काठापासून पान्यापत्तोर. तूच सांगितलं हुतंस न्हवं, मधू?”

तुम्ही तिथेच एका धोंड्यावर बसलात. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही हसत होतात. असे हसलात की सुशीलाताईंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. विहिरीचा काठ जागचा हलत नाही, म्हणून काठापासून मोजायचं, ही तुमच्या हाताला लागलेली सवय. डवऱ्याचा काठ मात्र पाण्याबरोबर ओढ्याच्या उताराने चालला होता, आणि बायका तो दर वेळी हात पोचेल इतकाच खोल खणत होत्या. आपण पाण्याची पातळी मोजतच नव्हतो. सुशीलाताईंच्या हाताची लांबी मोजत होतो, आणि ती बिचारी मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत कशाला बदलेल? “अहो, मी स्वतः आईबरोबर खणायचो दर पंधरवड्याला,” तुम्ही डोळे पुसत म्हणालात. “पण आमच्या तोंडी तो एकच डवरा. दुसरा खणला असं कुणी कधी म्हटलंच नाही.” मला त्या क्षणी तुम्ही जितके आवडलात तितके पुढे कधी आवडला नाहीत, कारण पुढे आपलं फार वाजलं.

लेव्हलचं यंत्र आणून ओढ्याच्या तळाचा उतार मोजला, जुन्या खड्ड्यांच्या जागा सुशीलाताईंनी दाखवल्या, आणि ती सरळ रेघ वाकली. गणिताने सांगितलेल्या रेघेवर जवळजवळ जाऊन बसली. मी टेबलावर हात आपटला. तुम्ही मात्र नकाशावर वळणाच्या पुढे बोट ठेवलंत. कारण आपण आणखी एक गोष्ट पाहून आलो होतो. वळणाच्या पुढे थोड्या अंतरावर वाळू संपते आणि काळा कातळ लागतो. डवरा कातळापर्यंतच सरकू शकतो. त्यापुढे कुदळ चालत नाही. रामभाऊंचं इंजिन होळीनंतर चालत राहिलं तर पाणी कातळाच्या खाली जाणार, हे गणित स्पष्ट सांगत होतं. कधी जाणार, ते स्पष्ट सांगत नव्हतं. ओढ्याचा तळ पाणी किती झिरपू देतो, हा एक आकडा आपण अंदाजाने धरला होता. तो जरा कमी धरला की वस्ती चैत्रात कोरडी, जरा जास्त धरला की वैशाखात, आणि एका खेपेला तर कशीबशी वळवापर्यंत तगली.

इथून आपला वाद सुरू झाला, आणि तुम्ही गेलात तरी माझ्या डोक्यात चालूच होता. माझं म्हणणं साधं होतं. अहवालात लिहा, चैत्रात आटेल. बस. साहेबांना ‘कदाचित’ दिसलं की ते त्यातून पळवाट काढतात. तुम्ही म्हणायचात, आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं. तुम्ही लिहिलंत: चैत्र ते वैशाख या काळात आटण्याचा संभव, नक्की सांगता येत नाही, तरी होळीनंतर इंजिन बंद ठेवावे अशी विनंती. विनंती! मी तो कागद तुमच्यापुढे नाचवला. मी म्हटलं, “गायकवाड, तुमच्या आईने जे पाणी भरलं त्याबद्दल तुम्ही विनंती करताय?”

तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “म्हणूनच. माझ्या वस्तीचं आहे म्हणून. उद्या कुणी म्हणेल, आपल्या लोकांसाठी आकडा फिरवला. मग हाही आकडा गेला आणि पुढचे सगळेच गेले.”

मी म्हटलं, तुमच्या खरेपणाची किंमत सुशीलाताई मोजणार.  ते बोलणं मला अजून चुकीचं वाटत नाही, गायकवाड. पण तुमचा चेहरा आठवतो.

झालं माझ्या म्हणण्याप्रमाणेच. साहेबांनी परवानगी दिली, विहीर झाली, इंजिन बसलं. दोन मजल्यांनी तेवढं त्या खोऱ्याचं पाणी एकत्र मांडायला घेतलं, हा आपला विजय म्हणायचा तर म्हणा. विनंती कागदावर राहिली. मी तुमच्याशी कित्येक दिवस कामापुरतं बोलत होते.

मग होळी आली आणि तुम्ही रजा टाकलीत. दुसऱ्या वर्षीही टाकलीत. मला वाटलं, गावच्या सणाला जाता. पुढे कळलं की तुम्ही रामभाऊंच्या विहिरीवर जाऊन बसता, चहा पिता आणि इंजिन बंद ठेवा म्हणून सांगता. ते ठेवतातही. मी विचारलं, असं काय सांगता त्यांना? तुम्ही म्हणालात, “जे अहवालात लिहिलं तेच.” माझा विश्वास बसला नाही. मला वाटायचं, तुम्ही त्यांना कायद्याचा धाक घालत असणार, किंवा हातापाया पडत असणार. दुसऱ्या शक्यतेने मला जास्त राग यायचा. बरोबर या म्हणून तुम्ही एकदोनदा म्हणालात. मी काही ना काही कारण काढलं. अहवाल हुकमासारखा लिहिला असता तर दर वर्षी अशी दारं ठोठावावी लागली नसती, हे मी तुम्हाला दर होळीला ऐकवायची. तुम्ही म्हणायचात, “हुकूम पाळला की नाही हे बघायला कोण जाणार होतं? विनंती केलीय म्हणून मला जाता येतं.”

यंदा होळीच्या आधीच तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वस्तीवर आले होते तेव्हा घरात माणसं मावत नव्हती, सुशीलाताईंशी धड बोलणं झालं नाही. होळी झाली आणि मला झोप लागेना. रजेवर कोण जाणार आता? शेवटी मीच अर्ज टाकला. एसटी चांदणी चौक सोडून बावधनची शेतं मागे टाकत निघाली तेव्हा मी मनात भाषण तयार करत होते. रामभाऊंना ठणकावून सांगायचं, चैत्रात पाणी कातळाखाली जाणार, लिहून देते. तुम्ही नव्हता ना मला अडवायला.

एसटीतून उतरले आणि पायवाटेवरूनच इंजिनाचा आवाज ऐकू आला.  सुशीलाताई डवऱ्यावर होत्या. डवरा वळणाच्या पुढे आला होता, कातळ तिथून दिसत होता. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. त्या म्हणाल्या, “आमी न्हाई जात तितं. मधूच जायचा. तुमी जाऊन या, बाई.” आणि घागर डोक्यावर घेऊन वळल्या. त्यांच्या चालीत तुमची चाल आहे. मला उगाच रडू आलं.

रामभाऊ विहिरीपाशी आंब्याखाली बसले होते. म्हातारे झालेत. खाली त्यांचा कांदा नि मेथीचे वाफे, पाणी पिऊन तजेलदार. मी नाव सांगितलं, तुमच्या ऑफिसातली म्हणून सांगितलं.

“बसा. म्हंजे त्या गनितवाल्या बाई तुमी,” ते म्हणाले. “मधुकर सांगायचा. लई भांडतात म्हनायचा.”

मी म्हटलं, “ते गेले, रामभाऊ.”

“ठाव हाय मला. मातीला हुतो मी. शेवटापत्तोर.”

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.  मग मी विचारलं, “होळी होऊन गेली. मग हे चालू कसं?”

“वाट बगत हुतो. कोन येतंय का. दर साली यायचा त्यो. सांगितल्याबिगर कसं बंद करायचं? वाफं वाळत्यात माझं, घरात बोलनी बसत्यात.”

“काय सांगायचे ते?”

“तेच तर,” रामभाऊ म्हणाले. “आमच्याकडं साहेब येत्यात, पुढारी येत्यात, समद्यास्नी समदं ठाव असतं. ज्याला ठाव असतं त्याच्याशी भांडता येतं, बाई. तू कशावरनं म्हनतोस, म्हनून इचारता येतं. ह्यो यायचा, बसायचा आन् म्हनायचा, रामभाऊ, मला नक्की माहीत न्हाई. चैत्रात आटंल, वैशाखात आटंल, कदाचित आटनार बी न्हाई. पन आटलं तर माझ्या बहिनीला कातळ फोडता येनार न्हाई. आता ह्याच्याशी काय भांडायचं? मग बंद करायचो.”

 माझी सगळी तयारी, ते ठणकावणं, ते लिहून देणं, तिथेच आंब्याखाली राहिलं. गायकवाड, मी सगळ्या वादांत तुम्हाला हा एकच मुद्दा कधी दिला नव्हता. तो मला तुमच्या इंजिनवाल्याने समजावला.

“बरं, तुमी सांगा,” रामभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले. “तुमी तर गनितवाल्या. कवा जाईल पानी कातळाखाली? चैत्रात का वैशाखात?”

मी ओढ्याकडे पाहिलं. तिथून वळण दिसत होतं, डवरा दिसत नव्हता. मी म्हटलं, “मला नक्की माहीत नाही.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. विहिरीच्या काठाने इंजिनापाशी गेले आणि ते बंद करून परत आले. पंच्याने हात पुसत घरात हाक दिली, च्या ठेवा म्हणून. मग खाली बसता बसता मला म्हणाले, “फुडल्या वर्साला होळीच्या दुसऱ्या दिवशीच या. एवढा उशीर करू नका.”

मी येते म्हटलं.